मावशींचा नवख्यांचा ताफा

खोली दाखवतानाच मावशींनी मला सांगून टाकलं होतं, "शनिवारी दुपारी माझ्याशी बोलायचं नाही. घराला आग लागली तर तेवढं सांग. पण हळू आवाजात."

मला वाटलं, काही व्रत असेल. आमच्या गावात शाळेशेजारी राहणाऱ्या एक बाई सोमवारी मौन पाळायच्या, आणि त्या दिवशी आम्ही मुलंसुद्धा त्यांच्या दारावरून जाताना आवाज कमी करायचो. म्हणून पहिल्या शनिवारी मी चपला हातात घेऊन जिना उतरले. जेवणाच्या खोलीतून मावशींचा आवाज येत होता. "एव्हरीबडी लेफ्ट. नो शूटिंग. पिकल, आय सेड नो शूटिंग!" मग अगदी प्रेमळ आवाजात, "गुड. नाऊ किल हिम."

मी चपला घेऊन तशीच वर गेले.

तेव्हा मी अमेरिकेत नवीनच होते. एमएस संपवून नॉर्थ कॅरोलिनात पहिली नोकरी लागली होती, आणि कॅरी नावाच्या गावातल्या या घरात वरची खोली मिळाली होती. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे मला न समजणाऱ्या गोष्टींची सवय होती. समजलं नाही तरी चेहरा समजल्यासारखा ठेवायचा, मग घरी येऊन हळूहळू उलगडायचं, हे मी शाळेपासून करत आले होते. मावशींच्या बाबतीत ती युक्ती कधीच चालली नाही.

मावशी मूळच्या नागपूरच्या. औषधांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला होता. अंबाडा, जाड काचांचा चष्मा, घरातही पायात चालायचे बूट. आणि शनिवारी दुपारी त्या अंबाड्यावरून हेडसेट चढायचा. अंबाडा मध्ये यायचा, म्हणून तो त्या मानेच्या बाजूला उतरवून बांधायच्या. मग इतर दिवशी दिसायच्या त्यापेक्षा एकदम वेगळ्या, जरा दांडगट दिसायच्या.

तो एक खेळ होता. इंटरनेटवर खेळायचा, अंतराळातला. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच आकाशात जहाजं चालवतात. जहाज फुटलं की फुटलं, परत मिळत नाही, दुसरं घ्यायचं. लढाई एकट्यानं करायची नसते. ताफा करून जायचं असतं. ताफ्याचा एक प्रमुख असतो आणि त्याचा आवाज सगळ्यांच्या कानात असतो. तो म्हणेल त्या एकाच जहाजावर सगळ्यांनी मारा करायचा. मावशी अशा एका ताफ्याच्या प्रमुख होत्या. त्यातही, जे खेळात नवीन आले आहेत, ज्यांना अजून डावं-उजवं कळत नाही, अशांच्या. त्यांना कोणी ताफ्यात घ्यायला तयार नसे. मावशी घ्यायच्या.

"तुम्ही या खेळात आलात कशा?" मी एकदा विचारलं.

"पोरगा दिवसभर यात असायचा. कुठे जातो तरी बघावं म्हणून गेले. तो निघून गेला, मी राहिले."

मुलाचा रविवारी फोन यायचा. स्पीकरवर असायचा, म्हणून ऐकू यायचा. "आई, आर यू स्टिल प्लेइंग दॅट? आय क्विट लाइक एजेस अगो."

"हो, तू क्विट केलंस. मी कमांडर झाले," मावशी म्हणायच्या. "जेवलास का?"

त्यांच्या जहाजांची नावं दोडका, पडवळ, घोसाळं अशी असत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ज्या भाज्या गेल्या तर कोणाला वाईट वाटत नाही, त्या." जहाज फुटलं की त्यांच्या ताफ्यातली अमेरिकन माणसं गंभीर आवाजात म्हणत, "दोडका इज डाऊन. रिपीट, दोडका इज डाऊन."

थोड्याच दिवसांत मीही त्या टेबलावर बसले. मी ठरवलं नव्हतं. मावशी म्हणाल्या, "शनिवारी काय करतेस? कपडे धुतेस. ये, बस." मुलाचा जुना लॅपटॉप त्यांनी माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर काळं आकाश आणि त्यात रंगीत ठिपके, त्रिकोण, आकडे. सगळे सरकत होते. मला काही कळेना.

"मावशी, यातली मी कोण?"

"मधली."

"आणि तुम्ही?"

"माझ्या पडद्यावर मधली मी. यात सगळ्यांना आपण मधलेच दिसतो. म्हणून तर नवीन माणसं मरतात."

पहिल्याच लढाईत माझं जहाज फुटलं. कोणी मारलं, कुठून मारलं, मला दिसलंसुद्धा नाही. खेळ आहे हे माहीत असूनही मी माइकमध्ये म्हणाले, "सॉरी, सॉरी."

"सॉरी काय? माझी कपबशी फोडलीस का?" मावशी समोरून मराठीत ओरडल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाल्या, "इथे मेल्यावर माफी मागायची नाही. कसं मेलात ते सांगायचं. शांतपणे."

मला सांगता येईना. कानात दहाबारा अनोळखी अमेरिकन माणसं वाट पाहत होती. शेवटी मी म्हणाले, "आय डोन्ट नो." त्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नंतर कळलं की बहुतेकांचं पहिलं उत्तर हेच असतं, आणि ते मावशींना चालतं.

नवख्यांच्या ताफ्याचा एकच मोठा नियम होता. या खेळात एका ताऱ्याजवळून दुसऱ्या ताऱ्याजवळ जायला मोठमोठी दारं असतात. दारापलीकडे शत्रू असेल तर एकट्यादुकट्यानं जाणारा मरतो, म्हणून ताफा दाराशी जमतो आणि प्रमुख म्हणेल तेव्हा एकदम पलीकडे जातो. ज्याला उशीर झाला त्याला सोडून द्यायचं, असा जगभरच्या प्रमुखांचा रिवाज. मावशी सोडत नसत. शेवटचा माणूस येईपर्यंत त्यांचा ताफा दाराशी उभा.

ही गोष्ट त्या नव्या लोकांना कशी समजावायच्या ते मी ऐकलं आहे. "आमच्याकडे लग्नात लोक ओळीनं जमिनीवर बसून जेवतात. सगळ्यात हळू जेवणाऱ्याचं होईपर्यंत कोणी उठत नाही. या ताफ्यात तसंच. नोबडी गेट्स अप."

त्यावर पिकल नावाच्या खेळाडूनं विचारलं होतं म्हणे, "मॅम, व्हॉट इफ द स्लो गाय वॉन्ट्स सेकंड्स?" म्हणजे त्यानं परत वाढून घेतलं तर?

"देन वी सिट," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून ताफ्यात "मी अजून पोचलो नाही" असं कोणी म्हणत नसे. "स्टिल ईटिंग," म्हणत. पोचला की "डन ईटिंग". बाहेरच्या कोणाला ऐकू गेलं तर काय वाटत असेल, देव जाणे.

हा पिकल ओहायोतल्या एका खेड्यात राहायचा. शेतीच्या सामानाच्या दुकानात काम करायचा. खरं नाव मला कधी कळलं नाही. वारा सुटला की त्याचं इंटरनेट जायचं, आणि तिकडे वारा फार असावा. तो नेहमी शेवटचा. आणि त्याला त्याचा इतका संकोच, की दर वेळी म्हणायचा, "तुम्ही पुढे व्हा. मी येतो मागून."

मावशी म्हणायच्या, "पिकल, जेव नीट. बोलू नकोस."

आता माझा गोंधळ असा, की ही बाई एरवी अजिबात थांबणारी नव्हती. मायक्रोवेव्हचे शेवटचे पाच सेकंद कधी पूर्ण होऊ द्यायच्या नाहीत. दार उघडून थंडगार वरण बाहेर काढायच्या. फोनवर समोरच्याचं वाक्य स्वतः संपवून टाकायच्या, बहुतेक वेळा चुकीचं. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला गेलो तर मध्यंतरातच उठल्या. "कळलं पुढे काय होणार ते. चल." मला नव्हतं कळलं. अजूनही माहीत नाही.

आणि तीच बाई गाडी चालवताना चौकातल्या स्टॉपच्या पाटीपाशी थांबली की हातानं इतरांना "या, या, तुम्ही जा" करत बसायची. चारी बाजूंच्या गाड्या थांबलेल्या, प्रत्येक जण हिला जायला सांगतोय, ही त्यांना. मागून हॉर्न वाजले की म्हणायची, "काय घाई असते बाप्पा लोकांना!"

मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, ताफ्यात तुम्ही सगळ्यांसाठी का थांबता?"

म्हणाल्या, लहानपणी सहलीला गेले असताना शाळेची बस मला विसरून निघून गेली होती.

काही महिन्यांनी पुन्हा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, इथे नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी सगळे जेवायला गेले, मला वाटलं बोलवायला येतील, मी डबा घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, "पण तुम्ही बसचं सांगितलं होतंत." तर म्हणाल्या, "बस? कुठली बस?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात म्हणून." यातलं खरं कुठलं, मला सांगता येणार नाही.

मावशींचा ताफा एका मोठ्या संघटनेचा भाग होता. तिचा मुख्य होता टेक्सासमधला एक गृहस्थ. खर्जातला आवाज, अतिशय सभ्य. मावशी त्याला 'टेक्सास' म्हणायच्या, तो त्यांना 'मॅम' म्हणायचा. "मॅम, तुमच्या बालवाडीची मधली सुट्टी संपली का?" असा चिमटा काढायचा. मावशीही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. "तुझ्या मोठ्या जहाजांना दारातून आडवं काढावं लागतं, त्याला वेळ लागत नाही का?"

पण एका आठवड्यात त्यानं चेष्टा न करता सांगितलं. येत्या शनिवारी संघटनेच्या मुख्य तळावर हल्ला होणार होता. तळ वाचवायला सगळे जाणार. मावशींच्या नवख्यांची छोटी, वेगवान जहाजं त्याला हवी होती, कारण शत्रूच्या जहाजांना चिकटून त्यांना पळू न देण्याचं काम तीच करू शकतात. मात्र त्यांच्यामुळे उशीर झाला तर नवख्यांचा ताफा बंद. नवीन माणसं इतरांत वाटून टाकणार.

"करेल तो," मावशी मला म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या मायक्रोवेव्हसमोर उभ्याच राहिल्या नाहीत. थंडच जेवायच्या. "शनिवार गेला तर मी काय करू गं? भजनाला जाऊन बसू?"

"दुसरा खेळ असेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कोथिंबीर निवडायला घेतली.

शनिवारी आम्ही समोरासमोर बसलो. मावशींनी घोसाळं बाहेर काढलं होतं. आमचा नवख्यांचा ताफा आणि टेक्सासची मोठी जहाजं, सगळे दाराशी जमले. माझ्या पडद्यावर इतके त्रिकोण झाले की त्याखाली आकाश दिसेना. शत्रू पलीकडे आहे, तळाला भिडलाय, एवढं मला कळलं होतं. आपण जाऊन कोणाला तरी चिकटायचं, हेही कळलं होतं. कोणाला, ते मावशी सांगणार होत्या.

"सगळ्यांचं झालं?" मावशींनी विचारलं.

एकेक जण म्हणत गेला. डन ईटिंग. डन ईटिंग. मीही म्हणाले. मग वाऱ्याच्या आवाजासारखी खरखर आली आणि पिकलचा आवाज. "स्टिल ईटिंग, मॅम. माझं नेट गेलं होतं. मी मागच्या दाराशी आहे. तुम्ही जा. खरंच जा."

"मॅम, आत्ता," टेक्सास म्हणाला.

"एक जण यायचाय."

"मॅम. एक?"

"हो. एक."

"दार आत्ता मोकळं आहे. नंतर नसेल. मी विनंती करतोय."

मावशींचा हात माउसवर होता. मी समोरून पाहत होते. त्यांनी बटण दाबलं असतं तर आम्ही सगळे गेलो असतो. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. साडी त्या फक्त शनिवारी नेसायच्या, पंजाबी ड्रेसनं चष्मा नीट पुसला जात नाही म्हणून.

"तुम्ही जा," त्या टेक्सासला म्हणाल्या. "आम्ही येतोच."

टेक्सासची जहाजं दारातून नाहीशी झाली. माझ्या पडद्यावर अचानक आकाश दिसायला लागलं. आम्ही उभे होतो. पलीकडचे आवाज मात्र कानात येत होते. आधी शांत, कामाचे. मग भरभर. मग एकमेकांवर चढलेले. शत्रू तळापाशी नव्हताच. तो दाराच्या पलीकडे दबा धरून बसला होता. कोणीतरी म्हणत होतं, "हे पळतायत, धरा कोणीतरी यांना, धरणारी जहाजं कुठायत?" धरणारी जहाजं म्हणजे आम्ही.

"डन ईटिंग," पिकल म्हणाला. तो आला होता.

"चला," मावशी म्हणाल्या.

"येऊ नका," टेक्सासचा आवाज आला. खर्ज तसाच होता. "आता इथे कोणी नाही, मॅम."

तळ गेला. टेक्सासची सगळी मोठी जहाजं गेली. आमचं एकही गेलं नाही.

त्या दिवसापासून मी यावर जितका विचार केला तितका परीक्षेचासुद्धा केला नसेल. पलीकडे सापळा होता. आम्ही वेळेवर गेलो असतो तर आमची कागदासारखी जहाजं पहिल्या फटक्यात गेली असती. म्हणजे मावशींनी आम्हाला वाचवलं. पण आम्ही गेलो असतो तर शत्रूला पकडून ठेवता आलं असतं, टेक्सासच्या तोफांनी त्यांना गाठलं असतं, आणि कदाचित सगळं वेगळं झालं असतं. म्हणजे मावशींनी तळ घालवला. दोन्ही बाजू मला पटायच्या. जी बाजू शेवटची ऐकली ती जास्त.

रविवारी दुपारी संघटनेची बैठक झाली. सगळे कानात. टेक्सासनं आधीच सांगितलं होतं, नवखे वेळेवर आले असते तर तळ वाचला असता. मावशी टेबलाशी, मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून. आमच्यातला एक तावातावानं म्हणाला, "शी सेव्हड अस. हे कोणीच का बोलत नाही?"

"कारण ते खरं नाही," मावशी म्हणाल्या. "मी कोणाला वाचवायला थांबले नव्हते. सापळा मला माहीत नव्हता. पिकल यायचा होता म्हणून थांबले. टेक्सासचं बरोबर आहे. आम्ही गेलो असतो तर त्यांची माणसं बहुतेक जिंकली असती."

आपल्या बाजूनं बोलणाऱ्याला असं खाली बसवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

टेक्सासनं घसा साफ केला. त्याला ताफा बंद करायचा नव्हता, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. "मॅम, झालं ते झालं. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवंय. पुढच्या वेळी मी 'चला' म्हटलं की तुम्ही याल. एवढं म्हणा, शनिवार तुमचा."

पडद्यावर आमच्या लोकांचे संदेश यायला लागले. प्लीज. से इट. जस्ट से इट. पिकलनंही लिहिलं, "मॅम, म्हणा. मी नवीन मॉडेम घेतोय."

मावशींनी माइक बंद केला आणि माझ्याकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं?"

"म्हणून टाका ना, मावशी. म्हणायला काय जातं? खेळच तर आहे."

"हो नं," त्या म्हणाल्या. "खेळ आहे म्हणूनच तर."

त्याचा अर्थ काय, ते विचारायला त्यांनी वेळ दिला नाही. माइक सुरू केला.

"नाही, टेक्सास. पुढच्या वेळीही एक जण यायचा असेल तर मी थांबेन. तुला खोटं कशाला सांगू?"

मग टेक्सास म्हणाला, "येस, मॅम." आणि थोड्या वेळानं, "आय ॲम सॉरी, मॅम."

"सॉरी काय त्यात," मावशी म्हणाल्या. या वेळी ओरडून नाही.

नवख्यांचा वेगळा चॅनेल होता, तिथे आम्ही शेवटचे जमलो. आजचा दिवस झाला की तो बंद होणार होता. पडद्याच्या कडेला सगळ्यांची नावं एकाखाली एक दिसत होती. कोणी म्हणालं, फोनवर बोलत राहू. मावशींनी प्रत्येकाला कोणत्या ताफ्यात जा, कुठल्या प्रमुखाला घाई फार असते, कोण ओरडतो पण मनाचा चांगला आहे, ते सांगितलं. मग एकेक नाव जायला लागलं. मी माझंही घालवलं. शेवटी दोनच उरली, मावशींचं आणि पिकलचं.

दोघंही काही बोलत नव्हते. मला वाटलं, आता निरोप घेतील. पण मावशी काही उठेनात, आणि पिकल काही जाईना. मी मागे उभं राहून पाहत होते. शेवटी गाडीची किल्ली घेऊन इंडियन स्टोअरला गेले. दूध घेतलं, पालक घेतला, मालकीणबाईंशी उगीच बोलत उभी राहिले.

परत आले तेव्हा बाहेर चांगलंच ऊन उतरलं होतं. मावशी तशाच बसलेल्या. हेडसेट चढवलेला, हात मांडीवर. पडद्याच्या कडेला दोन नावं.

"मावशी, चहा टाकू?"

त्यांनी माइक हातानं झाकला.

"हळू," त्या म्हणाल्या. "तो अजून आहे."